मालकांनी केलेल्या सुरक्षाविषयक तक्रारी कशा वाचाव्यात आणि आपली तक्रार कशी नोंदवावी

कुटुंबासाठी गाडी घ्यायचे ठरले, दोन-तीन खपाची मॉडेल्स पाहून झाली, त्यांतले एक जवळजवळ नक्की झाले, की मग त्या मॉडेलच्या मालकांनी नोंदवलेल्या तक्रारी वाचायला आपण बसतो आणि अर्ध्या तासात आपला धीर सुटतो. कोणाचे इंजिन भर रस्त्यात बंद पडलेले असते, कोणाचा ब्रेक ऐन वेळी लागलेला नसतो, तर कोणाची गाडी समोर काहीही नसताना आपोआप थांबलेली असते. तक्रारींचा आकडा पाहून काही जण गाडीचा विचारच सोडून देतात, तर काही जण 'एवढ्या गाड्या विकल्या जातात, म्हणजे एवढ्या तक्रारी असायच्याच' असे म्हणून मोकळे होतात. आकडा दोघांनीही वाचलेला असतो. मजकूर मात्र कोणीच नीट वाचलेला नसतो. खरी माहिती मजकुरात असते, आणि ती काढण्याची एक पद्धत आहे.

अशा तक्रारींची सर्वांत मोठी आणि कोणालाही पाहता येणारी नोंद अमेरिकेतील 'नॅशनल हायवे ट्रॅफिक सेफ्टी अ‍ॅडमिनिस्ट्रेशन' या १९७० साली स्थापन झालेल्या सरकारी संस्थेकडे आहे. कॅनडा, ब्रिटन, जपान, भारत अशा इतर देशांतही वाहनातील दोष सरकारकडे कळवण्याची सोय आहे. पण प्रत्येक तक्रारीचा पूर्ण मजकूर वाचायला मिळणे हे अमेरिकी नोंदीचे वैशिष्ट्य आहे. या लेखात उदाहरणे तिथली घेतली आहेत. वाचण्याची रीत मात्र कोणत्याही नोंदीला लागू पडते. एक गोष्ट आधीच लक्षात ठेवावी. या तक्रारी पडताळून पाहिलेल्या नसतात. मालकाने जे लिहिले, ते जवळपास जसेच्या तसे तिथे असते, म्हणून एकट्या तक्रारीला पुराव्याचे वजन देऊ नये.

सुरुवात मॉडेलच्या नावाने न करता पिढीने करावी. एकाच नावाची गाडी दहा-पंधरा वर्षे विकली जाते, पण दर पाच-सहा वर्षांनी तिचा सांगाडा, इंजिन, गिअरबॉक्स आणि ब्रेकची रचना बदलते, आणि जुन्या पिढीतल्या स्टिअरिंगच्या दोषाचा नव्या पिढीशी काही संबंध नसतो. आपण घेणार आहोत ती गाडी कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत त्याच रचनेत निघाली, हे आधी शोधून काढावे आणि तेवढ्याच वर्षांच्या तक्रारी एकत्र कराव्यात. नव्या रचनेच्या पहिल्या वर्षी तक्रारी जास्त दिसतात, हे खरे आहे. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी त्याच स्वरूपाच्या तक्रारी कमी झाल्या का, हे पाहिले की कंपनीने मधल्या काळात तो भाग सुधारला असावा की नाही, याचा अंदाज येतो.

पुढचे काम कंटाळवाणे आहे, पण ते टाळले तर सगळी मोजदाद चुकते. एका तक्रारीवर मालक एकाहून अधिक विभागांची नावे टाकू शकतो. 'इंजिन' आणि 'विद्युत यंत्रणा' असे दोन विभाग निवडले, तर संपूर्ण यादी उतरवून घेतल्यावर तीच तक्रार दोन ओळींत दिसते. तक्रार क्रमांक एकच असेल, तर ओळी कितीही असल्या तरी तक्रार एकच धरावी. मग आसनाचे कापड, रंग उडणे, पडद्यावरचे संगीत बंद पडणे अशा, सुरक्षेशी संबंध नसलेल्या नोंदी बाजूला काढाव्यात. पडद्याच्या बाबतीत थोडी सावधगिरी हवी. संगीत बंद पडणे ही गैरसोय आहे, पण गाडी मागे घेताना मागच्या कॅमेऱ्याचे चित्र न येणे ही सुरक्षेची बाब आहे, आणि मालक पुष्कळदा या दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात लिहितात.

आता मजकूर वाचायला घ्यावा, आणि वाचताना विभागाचे नाव झाकून ठेवावे. मालकाने 'ब्रेक फेल झाले' असे लिहिले, की ती तक्रार ब्रेकच्या कप्प्यात जाते. पण त्या तीन शब्दांमागे निदान तीन निरनिराळ्या घटना लपलेल्या असू शकतात. पेडल दगडासारखे कठीण झाले असेल, तर ब्रेकला मिळणारी मदत, म्हणजे बूस्टर किंवा त्याला लागणारा व्हॅक्यूम, गेल्याची शक्यता असते. पेडल सहज तळापर्यंत गेले असेल, तर ब्रेकच्या द्रवाची गळती किंवा तो द्रव दाबणाऱ्या मास्टर सिलिंडरमधला दोष आधी तपासावा लागतो. पायाखाली पेडल थरथरले आणि गाडी अपेक्षेपेक्षा उशिरा थांबली, असे लिहिले असेल, तर बहुधा चाके लॉक होऊ न देणारी यंत्रणा आपले काम करत होती आणि रस्ता ओला किंवा खडीचा होता. तीन वेगळी कारणे, तीन वेगळे भाग, आणि तक्रारीच्या शीर्षकात शब्द मात्र तेच. म्हणून प्रत्येक तक्रारीपुढे स्वतःच्या शब्दांत एक ओळ लिहावी: पेडल कठीण, पेडल तळाला, पेडल थरथरले, काहीच स्पष्ट नाही. शेवटच्या गटात पुष्कळ तक्रारी पडतील. तो गट मोठा झाला म्हणून घाबरण्याचे कारण नाही. त्यातून काही कळत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

'गाडी चालता चालता बंद पडली' या तक्रारीचेही तसेच आहे. इंजिन थांबले पण डॅशबोर्डवरचे दिवे चालू राहिले, की सर्वच वीज गेली आणि काटे खाली पडले, हा फरक फार महत्त्वाचा आहे. पहिल्या प्रकारात इंधन किंवा सेन्सरकडे संशय जातो. दुसऱ्यात बॅटरीची जोडणी, रिले किंवा इग्निशनचा स्विच. हा फरक वाचताना सुटला तर काय होते, याचे उदाहरण वाहन उद्योगाच्या इतिहासात नोंदलेले आहे.

जनरल मोटर्सच्या शेवरोले कोबाल्ट, सॅटर्न आयन आणि इतर काही लहान गाड्यांमध्ये इग्निशनचा स्विच हवा तितका घट्ट नव्हता. किल्ल्यांचा जड जुडगा लोंबकळत असला, गुडघा लागला किंवा रस्त्यावर धक्का बसला, की किल्ली 'चालू' जागेवरून मागच्या जागेवर सरकत असे. इंजिन थांबे, स्टिअरिंगची मदत जाई, आणि त्या स्थितीत धडक बसली तर एअरबॅग उघडत नसे. गाडी बंद पडण्याची तक्रार कंपनीच्या अभियंत्यांनी पुष्कळ काळ ग्राहकाच्या गैरसोयीत मोडली. एअरबॅग न उघडल्याच्या नोंदी वेगळ्या राहिल्या आणि दोन्ही गोष्टींचा धागा जुळला नाही. २००७ मध्ये सरकारी संस्थेतल्या एका अधिकाऱ्याने एअरबॅग न उघडण्याबद्दल तपास सुरू करण्याचे सुचवले होते, पण तक्रारींमध्ये लक्षात येण्याजोगा कल दिसत नाही, असे ठरवून ते सोडून देण्यात आले. २००६ मध्ये स्विच बदलला गेला, तोही भागाचा क्रमांक न बदलता, त्यामुळे नंतर तपासणाऱ्यांना जुना-नवा फरक कळणे अवघड झाले. २०१४ मध्ये सुमारे २६ लाख गाड्या परत बोलावल्या गेल्या, आणि कंपनीने नेमलेल्या भरपाई निधीने १२४ मृत्यूंचे दावे मान्य केले. तक्रारी होत्याच, त्या दोन कप्प्यांत विभागल्या गेल्या होत्या. म्हणून एखाद्या मॉडेलच्या तक्रारी वाचताना विभागांच्या भिंती ओलांडून वाचाव्यात आणि एकाच्या तक्रारीतली घटना दुसऱ्याच्या तक्रारीत परिणाम म्हणून दिसते आहे का, हे पाहावे.

आकड्याचे काय करायचे, हा प्रश्न उरतोच. फेब्रुवारी २०२२ मध्ये वरील संस्थेने होंडाच्या २०१७ ते २०१९ च्या सीआर-व्ही आणि २०१८-१९ च्या अकॉर्ड या गाड्यांचा प्राथमिक तपास सुरू केला. समोर अडथळा नसताना आपोआप ब्रेक लागण्याच्या २७८ तक्रारी आल्या होत्या आणि तपासाखाली आलेल्या गाड्या सुमारे १७ लाख होत्या, म्हणजे साधारण सहा हजार गाड्यांमागे एक तक्रार. एवढ्या विरळ प्रमाणावरही तपास सुरू झाला, कारण तक्रारींतली घटना एकसारखी होती. २०२४ मध्ये तो तपास पुढच्या, म्हणजे अभियांत्रिकी विश्लेषणाच्या टप्प्यावर नेताना गाड्यांची संख्या जवळजवळ ३० लाखांपर्यंत वाढवण्यात आली. याउलट एखाद्या गाडीच्या हजार तक्रारी असतात आणि त्यांत दहा जणांचीही घटना सारखी नसते. तक्रारींची संख्या विकलेल्या गाड्यांच्या संख्येने भागल्याशिवाय दोन मॉडेल्सची तुलना करू नये, आणि भागल्यावरही ती तुलना कच्चीच समजावी, कारण ज्या मालकाला तक्रार कुठे करायची हे माहीत असते, तोच ती करतो.

तारखाही वाचाव्यात. प्रत्येक नोंदीत घटनेची तारीख आणि तक्रार दाखल झाल्याची तारीख वेगवेगळी असते. एखाद्या महिन्यात तक्रारींचा पूर आलेला दिसला आणि त्यांतल्या निम्म्या घटना दोन-तीन वर्षांपूर्वीच्या निघाल्या, तर त्या महिन्यात बहुधा बातमी आलेली असते किंवा कंपनीने गाड्या परत बोलावलेल्या असतात. नोव्हेंबर १९८६ मध्ये अमेरिकी दूरचित्रवाणीवर ऑडी ५००० ही गाडी आपोआप सुसाट सुटते, असा कार्यक्रम दाखवला गेला आणि तक्रारी वाढत गेल्या. १९८९ मध्ये संस्थेने अहवाल दिला तेव्हा बहुतेक घटनांमागे ब्रेकऐवजी अ‍ॅक्सिलरेटरवर पडलेला पाय हेच कारण असल्याचा निष्कर्ष निघाला. तरीही या प्रकरणातून एक चांगली गोष्ट घडली. ब्रेक दाबल्याशिवाय गिअर 'पार्क'मधून हलत नाही, अशी कुलपाची सोय त्या गाड्यांमध्ये बसवण्यात आली. मालक खोटे बोलत होते असे मुळीच नाही. त्यांना जे वाटले ते त्यांनी लिहिले. पण 'मी ब्रेकच दाबत होतो' हे वाक्य कितीही ठामपणे लिहिलेले असले, तरी वाचणाऱ्याने ते माणसाच्या आठवणीतले वाक्य म्हणूनच धरावे.

गाडी किती चालल्यावर दोष दिसला, हेही मांडून पाहावे. दहा-पंधरा हजार किलोमीटरच्या आत एकाच भागाबद्दलच्या तक्रारी दाटून आल्या असतील, तर उत्पादनात किंवा रचनेत चूक असण्याचा संभव वाढतो. दोन लाखांनंतर त्या विखुरलेल्या असतील, तर झीज म्हणावी. नोंदीत वाहन ओळख क्रमांकाची पहिली ११ अक्षरे दिसतात. हा क्रमांक १७ अक्षरांचा असतो आणि त्यात आय, ओ व क्यू ही इंग्रजी अक्षरे वापरली जात नाहीत, कारण ती एक आणि शून्य या अंकांशी गल्लत करतात. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या गाड्यांच्या क्रमांकात दहावे अक्षर मॉडेल वर्षाचे आणि अकरावे कारखान्याचे असते. एकाच दोषाच्या वीस तक्रारींत अकरावे अक्षर सारखे निघाले, तर आपण फार चांगल्या धाग्याला हात घातला आहे असे समजावे.

हे सर्व झाल्यावर दोन गोष्टी तपासाव्यात, आणि त्या तक्रारींपेक्षा जास्त निर्णायक असतात. एक म्हणजे त्या मॉडेलचे आजवरचे रिकॉल, म्हणजे दोष दुरुस्त करण्यासाठी कंपनीने गाड्या परत बोलावल्याच्या नोंदी, आणि दुसरी म्हणजे कंपनीने आपल्या सर्व्हिस सेंटरना पाठवलेली तांत्रिक पत्रके. मालक ज्या थरथरीबद्दल वर्षभर लिहीत असतात, तिच्यावरचा उपाय पुष्कळदा अशा पत्रकात आधीच सांगितलेला असतो, आणि सर्व्हिस सेंटरमधल्या माणसाला पत्रकाचा क्रमांक दाखवला, की 'असा काही दोष नसतो' हे उत्तर येत नाही. रिकॉल मात्र मॉडेलच्या नावावरून न पाहता गाडीच्या पूर्ण ओळख क्रमांकावरून पाहावा, विशेषतः वापरलेली गाडी घेताना, कारण आधीच्या मालकाने दुरुस्ती करून घेतली की नाही हे त्यातूनच कळते.

तक्रारी नाहीत म्हणजे गाडी सुरक्षित, असे मात्र समजू नये. टाकाटा कंपनीच्या एअरबॅगमध्ये फुगवण्यासाठी अमोनियम नायट्रेट वापरलेले होते. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने आणि दमट हवेने ते बिघडे, आणि धडकेच्या वेळी धातूचे आवरण फुटून तुकडे माणसांवर उडत. बाहेरून काहीही दिसत नव्हते, दिवा लागत नव्हता, आवाज येत नव्हता, मग तक्रार तरी कशाची करणार? २००१ ते २००३ च्या काही होंडा आणि अ‍ॅक्युरा गाड्यांतले हे भाग धडकेत फुटण्याचा धोका ५० टक्क्यांपर्यंत असल्याचे २०१६ मध्ये सांगण्यात आले आणि दुरुस्तीसाठी नेण्यापलीकडे त्या चालवू नयेत, असे मालकांना कळवण्यात आले. असा दोष तक्रारींच्या वाचनातून कधीच सापडला नसता. तो फक्त रिकॉलच्या यादीत सापडतो.

आता आपलीच गाडी दगा देऊ लागली तर काय लिहावे, याकडे वळतो. माझ्या एका जुन्या गाडीचे इंजिन वळणावर, वेग कमी असताना, बंद पडत असे. सर्व्हिस सेंटरमध्ये मी हे दोनदा सांगितले. घरी येऊन जॉब कार्ड पाहिले, तर त्यावर 'पिकअप कमी असल्याची ग्राहकाची तक्रार' एवढेच लिहिलेले होते. पिकअप तपासले, ठीक निघाले, गाडी परत मिळाली. तेव्हापासून जॉब कार्डवर सही करण्याआधी त्यातले वाक्य मी वाचतो, आणि ते माझ्या शब्दांत नसेल तर बदलून घेतो. पुढे कोणत्याही सरकारी संस्थेकडे किंवा ग्राहक न्यायालयात गेलात, तर 'दोष मी अमुक दिवशी कळवला होता' याचा कागद तोच असतो.

संस्थेकडे तक्रार लिहिताना ती अशा माणसासाठी लिहावी, ज्याने गाडीही पाहिलेली नाही आणि रस्ताही. 'ब्रेक अचानक फेल झाले, कंपनी दाद देत नाही, कोणाचा तरी जीव जाईल' या वाक्यात संताप आहे, आणि तो रास्तही असेल. पण तपासणाऱ्याच्या हाती त्यातून काही लागत नाही. तेच कसे लिहावे, याचा एक कल्पित नमुना देतो.

'१२ मार्च रोजी सकाळी साडेआठच्या सुमारास, गाडी ४१,३०० किलोमीटर चाललेली असताना, कोरड्या डांबरी रस्त्यावर ताशी सुमारे ४० किलोमीटर वेगाने मी सिग्नलकडे जात होतो. ब्रेक दाबला तेव्हा पेडल कठीण झाले आणि पूर्ण जोर लावूनही दोन बोटांपेक्षा खाली गेले नाही. इंजिन चालू होते. डॅशबोर्डवर एकही दिवा लागला नाही. हँडब्रेक ओढल्यावर गाडी पुढच्या गाडीपासून हातभर अंतरावर थांबली. धडक झाली नाही. गाडी सुरू करून पाच मिनिटेही झाली नव्हती. २८ मार्च रोजीही, पुन्हा इंजिन थंड असताना, असेच घडले. दोन्ही वेळा सर्व्हिस सेंटरमध्ये दोष आढळला नाही असे सांगण्यात आले; जॉब कार्ड जोडले आहे.'

या मजकुरात कारण कुठेही सांगितलेले नाही, हे लक्षात घ्यावे. बूस्टर खराब असावा असे मालकाला मनातून वाटत असेलही, पण त्याने पेडल, वेग, इंजिन, दिवे आणि वेळ एवढेच सांगितले. दोन्ही वेळा इंजिन थंड होते हे मजकुरातून कळते, म्हणून ही तक्रार इतर दहा तक्रारींशी जुळवून पाहता येते. नेमका वेग आठवत नसेल, तर 'सुमारे' असे लिहावे. नेमका आकडा दिल्याने तक्रार भक्कम होत नाही, आणि पुढे तो चुकीचा ठरला तर उरलेल्या मजकुरावरही संशय येतो. ज्या गोष्टी घडल्या नाहीत त्याही लिहाव्यात. दिवा लागला नाही, आवाज आला नाही, जळका वास आला नाही, या नकारांमुळे तपासाची दिशा पुष्कळ आटोपशीर होते.

पुरावा जपण्याचे काम लिहिण्याच्याही आधी करावे. डॅशबोर्डवर दिवा लागला असेल, तर गाडी सुरक्षित जागी उभी केल्यावर, चावी काढण्याआधी, ओडोमीटरच्या आकड्यासह फोटो घ्यावा, कारण पुन्हा सुरू केल्यावर तो दिवा कधी कधी जातो. सर्व्हिस सेंटरमध्ये संगणक जोडून मिळालेले दोषसंकेत कागदावर छापून मागावेत. ते पुसल्यावर 'काही सापडले नाही' हे खरेही असते आणि निरुपयोगीही. बदललेला जुना भाग परत मागावा. वॉरंटीतल्या भागावर कंपनी हक्क सांगते. अशा वेळी निदान त्यावर छापलेल्या क्रमांकासह त्याचे फोटो घ्यावेत. धडक झालेली असेल, तर बऱ्याच आधुनिक गाड्यांत धडकेपूर्वीच्या साधारण पाच सेकंदांतला वेग, अ‍ॅक्सिलरेटर आणि ब्रेकची स्थिती टिपणारी नोंदपेटी असते. ती वाचून घेतल्याशिवाय गाडी दुरुस्तीला किंवा भंगारात देऊ नये. ही नोंद आपल्याविरुद्धही जाऊ शकते, हे मनाशी धरूनच ती मागावी.

तक्रार दाखल करताना ओळख क्रमांक पूर्ण १७ अक्षरांचा द्यावा. सार्वजनिक नोंदीत शेवटची अक्षरे झाकली जातात. मजकुरात मात्र स्वतःचे नाव, फोन किंवा पत्ता लिहू नये, कारण मजकूर सर्वांना दिसतो. अपेक्षा बेताची ठेवावी. ही संस्था आपली गाडी दुरुस्त करून देत नाही, पैसेही मिळवून देत नाही. त्यासाठी कंपनी, ग्राहक न्यायालय किंवा वकील यांचा मार्ग वेगळा आहे, आणि तो समांतर चालू ठेवावा. एकाच घटनेची तक्रार पुन्हा पुन्हा नोंदवू नये, त्याने मोजदाद बिघडते. पण नंतर दुरुस्ती झाली, दोष सापडला, किंवा दुरुस्तीनंतरही तेच घडले, तर आधीच्या तक्रारीचा क्रमांक देऊन तेवढे जरूर कळवावे. कोणता भाग बदलल्यावर त्रास थांबला आणि तो किती किलोमीटर थांबला, हे लिहिणारे मालक फार थोडे असतात.